जुन्या पोथीचा काळ ठरवताना आणि ती हाताळताना या चुका टाळा

घरात ज्ञानेश्वरीची हस्तलिखित पोथी सापडली की बहुतेक मंडळी शेवटच्या पानावरच फसतात. तेथे ‘शके बाराशते बारोत्तरे, तैं टीका केली ज्ञानेश्वरें’ ही ओवी दिसते आणि पोथी 1290 सालची ठरवली जाते. वास्तविक ही ओवी ग्रंथाची रचना केव्हा झाली ते सांगते. एका प्रतीवरून दुसरी प्रत उतरवताना लेखनिकांनी ती इतर ओव्यांप्रमाणेच उतरवून घेतली आहे.

एका वारकरी घराण्यात मला अशीच पोथी दाखवण्यात आली. ‘मूळ प्रत, लेखक सच्चिदानंदबाबा’ (म्हणजे ज्ञानेश्वरांची टीका प्रथम लिहून घेणारे) असा टंकलिखित दाखला कोणा अभ्यासकाने सोबत दिला होता. त्याच पानावर थोडे खाली एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, तारणनाम संवत्सरी (संवत्सर म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातील नाव असलेले वर्ष) प्रत शुद्ध केल्याची ओवी होती. ही ओवी मूळ लेखनातच असेल, तर पोथी त्याआधीची असूच शकत नाही. त्याखाली गेरूने लिहिलेल्या दोन ओळींत लेखनिकाची स्वतःची पुष्पिका, म्हणजे प्रत पुरी झाल्याची शेवटची नोंद, होती: शके 1712, साधारणनाम संवत्सर, फाल्गुन मास. शकात 78 मिळवून 1790 म्हणावे, तर फाल्गुन जानेवारी उलटल्यावर येत असल्यामुळे इसवी सन 1791 येतो. दाखला देणाऱ्याने पान शेवटपर्यंत वाचण्याचा धीर धरला असता, तर त्या घरातील आजोबांना हे सांगण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

मी पुष्पिका आधी अक्षरशः वहीत उतरवतो आणि मगच शक व संवत्सर जुळतात का याचे गणित मांडतो. शकात 12 मिळवून 60 ने भागावे आणि बाकी प्रभव संवत्सरापासून मोजावी. शके 1506 साठी बाकी 18 उरते आणि अठरावा संवत्सर तारणच आहे. मेळ बसला नाही, तर लेखनिकाला दोष देण्यापूर्वी आपण आकडे नीट वाचले का ते पाहावे. आकडा विक्रम संवताचा तर नाही, हेही तपासावे.

दुसरी चूक चिकटपट्टीची. तिचा गोंद कागदात मुरतो, काही वर्षांनी तपकिरी डाग पडतो आणि पट्टी सोलताना अक्षरेही निघून येतात. फाटलेले पान दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून जाणकाराकडे न्यावे. घाईने केलेली दुरुस्ती मला फाटलेल्या पानापेक्षा वाईट वाटते. काजळ आणि डिंक यांची शाई पाण्याने विरघळते, म्हणून ओले फडके लावू नये, मऊ कोरडा कुंचला पुरतो.

थुंकी लावून पान उलटू नये. चुकलेली अक्षरे झाकण्यासाठी लेखनिक जो हरताळ (पिवळा खनिज रंग) लावत, त्यात आर्सेनिक असते. हळद-कुंकू पानांवर न वाहता वेष्टनावर वाहावे. लॅमिनेशन कधीही करू नये. छायाचित्र घेताना समास कापू नये, कारण पत्रांक, म्हणजे पानांचे क्रमांक, तेथेच असतात आणि सुटलेली अक्षरेही लेखनिकाने पुष्कळदा तेथेच भरलेली असतात.