शाळेमागच्या ओढ्यापासून सुरुवात करा

एप्रिल-मे आला की बीएड नाहीतर एमएस्सी उरकलेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, शाळेच्या पोरांना जंगलात न्यायचं काम करायचंय. भीमगड अभयारण्यात कॅम्प कसा लावायचा?" मी उलट विचारते, तुझ्या घराजवळची शाळा कुठली आणि तिच्या मागं काय आहे? पुष्कळांना सांगता येत नाही. काहीतरी असतंच. ओढा असतो, तळं असतं, गायरान असतं, अगदीच काही नाही तर कंपाउंडला लागून एखादा जुना पिंपळ असतो. मुलांना झाडापाखरांची माया लावायची असेल तर काम तिथून सुरू करायचं. भीमगड पुढं कधीतरी.

पैसे वाचावेत म्हणून हे सांगत नाही. बसभर पोरं घेऊन अभयारण्यात गेलं की काय होतं ते मी पुष्कळ पाहिलंय. जाताना भेंड्या, पोचल्यावर डबे आणि फोटो, गवा दिसला नाही म्हणून हिरमोड, आणि परतताना निम्मी बस झोपलेली. मुलं खूश, पालक खूश. महिन्यानं विचाराल तर वाटेत खाल्लेली भजी आठवतात. त्यात वाईट काही नाही, सहल ती सहलच. फक्त तिला शिक्षण म्हणू नका.

एकाच जागी पुन्हा पुन्हा गेलं तर शिकणं होतं. मला विचाराल तर सुरुवातीला काटेसावरीइतकं चांगलं झाड दुसरं नाही. आपल्याकडच्या शिवारात शोधली तर एखादी सापडतेच. जानेवारी सरता सरता तिची पानं झडलेली असतात आणि उघड्या फांद्यांवर लाल फुलं येऊ लागतात. शनिवारी सकाळची शाळा असते. त्यातला शेवटचा तास मुख्याध्यापकांकडून मागून घ्या आणि मुलांना झाडाखाली बसवा. पहिल्या खेपेला मुलांना नुसतं झाड दिसतं. दुसऱ्या खेपेला मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी वेगवेगळे दिसायला लागतात. मग कधीतरी एखादी पोरगी म्हणते, "टीचर, खार पण फुलात तोंड घालतीया की! तिला काय मिळतंय तिथं?" इथं तुम्ही गप्प बसायचं. बीएड झालेल्याला हे सगळ्यात जड जातं, कारण उत्तर जिभेवर आलेलं असतं. पण ती पोरगी खाली पडलेलं फूल उचलून, वास घेऊन, चाटून बघणार असते, ती संधी तिच्याकडून काढून घेऊ नका. पुढं बोंडं फुटून कापूस उडायला लागेपर्यंत त्या वर्गाला झाडाची खडान्‌खडा माहिती झालेली असते. विजेच्या तारांना लागतात म्हणून फांद्या छाटल्या तर मुलं ते वहीत आपणहून लिहितात, आणि चांगलीच रागावलेली असतात.

अशा नोंदींसाठी सीझनवॉच नावाचा देशभर चालणारा उपक्रम आहे. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला पालवी, फुलं, फळं किती आहेत ते नोंदवायचं. शाळांना त्यात भाग घेता येतो. पक्ष्यांसाठी अर्ली बर्ड या उपक्रमाची चित्रं आणि छोट्या पुस्तिका मराठीतही आहेत, कन्नडमध्येही आहेत, आणि आपल्या भागात दोन्ही लागतात. बाकी सामान फारसं नको. पाच-सहा भिंगं, सुतळी, रेघांच्या वह्या. सुतळीचं एक कडं जमिनीवर टाकायचं आणि त्याच्या आत जे आहे ते सगळं शोधायला सांगायचं. चार-पाच मुलांना एक कडं पुरतं. चाळीस मुलांना एकदम काही दाखवायला गेलात तर मागची वीस मुलं तुमची पाठ बघत बसतात.

बेळगाव शहरातल्या शाळांत काम करायचं असेल तर जंगल शोधत बसू नका. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात अजून भात पिकतं, बेळगावच्या बासमतीचं नाव ज्या शेतांमुळं झालं ती हीच. याच शिवारातून बळ्ळारी नाला जातो. पावसाळ्यात तो शेतात घुसतो आणि उरलेलं वर्षभर गटारासारखा वास मारतो. मुलांना नाक दाबून का होईना, तिथं उभं करा. आपल्या घरातलं पाणी कुठं जातं, या प्रश्नाला पुस्तकातल्या आकृतीपेक्षा तिथं बरं उत्तर मिळतं. शहरातल्या मुलांच्या मनात आणखी एक गोष्ट बसलेली आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसला, आसपासच्या शाळांना सुट्ट्या मिळाल्या, शोधायला शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलच्या हत्तींच्या छावणीतून हत्ती आणले. मोठ्या वर्गातल्या मुलांना ते अजून आठवतं. "बिबट्या शहरात आला" इथून बोलणं सुरू होतं, आणि तो कुठल्या वाटेनं आला असेल, हे नकाशावर शोधायला लावलं की तास कुठं संपतो ते कळत नाही.

आपल्या बेळगाव जिल्ह्याइतकी सोयीची जागा या कामाला दुसरीकडे क्वचित मिळेल. पश्चिमेला कणकुंबीला धो धो पाऊस, सदाहरित झाडी, जळवा. बेळगावच्या आसपास भात. पूर्वेला गोकाक-अथणीकडे गेलं की काळी माती, बाभळी आणि पावसाची वाट बघणारी माणसं. एका दिवसाच्या बसप्रवासात झाडं कशी बदलत जातात ते खिडकीतून दिसतं. एखाद्या शाळेनं मोठी सहल करायचीच म्हटलं तर मी गोकाकचा धबधबा सांगत नाही, कणकुंबी सांगते. तिथं माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, म्हणजे ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच डोंगराळ भागातून निघणारी म्हादई पश्चिमेला उतरते आणि मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्रात जाते. सातवीच्या मुलाला जलविभाजक म्हणजे काय ते तिथं व्याख्येशिवाय कळतं. मोठी मुलं म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुरा कालव्याचं विचारणार, वर्तमानपत्रात वाचलेलं असतं. आपण बाजू घेऊ नये. पाणी कुणाला हवंय, कशासाठी हवंय, वळवलं तर खालच्या बाजूला काय होईल, एवढं मुलांनाच मांडायला लावा. धारवाडकडचा पाहुणा आणि गोव्यातली आत्या दोन्ही ज्या घरात आहेत तिथली मुलं हे आपल्यापेक्षा चांगलं मांडतात.

आता जंगलातल्या गावांबद्दल, कारण नवीन माणूस अडकतो तो इथंच.

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर, सगळं खानापूर तालुक्यात. आत आणि कडेला लहान लहान गावं आहेत, बहुतेक मराठी बोलणारी. तिथल्या शाळेत पोरं मोजकी, मास्तर एक नाहीतर दोन. तिथं जाऊन "जंगल वाचवा" म्हणून सांगायला लागलात तर पोरं मान डोलावतील आणि मनात हसतील. आदल्या रात्री त्यांच्या बापानं माळ्यावर बसून गव्यांना हाकललेलं असतं. कधी हत्ती येऊन भात तुडवून गेलेले असतात. गाव उठवून बाहेर न्यायचं की नाही यावर घरात रोज वाद चाललेला असतो. एका शाळेत मी वन्यप्राण्यांची चित्रं लावली होती. चौथीतला एकजण गव्याच्या चित्रासमोर उभा राहून म्हणाला, "हा आमचं भात खातोय. तुमचं काय खातोय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असण्याचं कारणही नव्हतं. त्या दिवशी आम्ही ठरवलेला पाठ बाजूला ठेवला आणि गवा कुठून येतो, कधी येतो, आधी काय खातो आणि मग भाताकडं का वळतो, हे मुलांकडूनच फळ्यावर काढून घेतलं. एवढा बारीक अभ्यास मी कुठल्या शहरी शाळेत पाहिला नाही.

अशा गावात शिकवण्याचा ओघ उलटा ठेवायचा. कुठल्या आळंब्या खायच्या, कुठल्या नाही, पहिल्या पावसात खेकडे कुठं सापडतात, हिरडा कुठला आणि बेहडा कुठला, हे ती मुलं तुम्हाला सांगतील. तुमचं काम म्हणजे ते कागदावर यावं, त्याला शाळेत मान मिळावा, आणि मास्तरांना ते परिसर अध्ययनाच्या तासाशी जोडता यावं. देवराई असलेल्या गावात आधी देवस्की, म्हणजे देवाची पूजाअर्चा, करणाऱ्या माणसाला विचारा. चपला कुठं काढायच्या, कुठल्या बाजूनं जायचं नाही, पडलेलं लाकूडही उचलायचं नाही, असे नियम असतात. तिथं संवर्धनाचं भाषण लागत नाही, नियम मुलांना पाठ असतात. ते कशासाठी केले असतील, एवढंच विचारून सोडून द्या.

काही जागा मुलांना न दाखवलेल्याच बऱ्या. कृष्णापूर-तळेवाडीच्या बाजूला बारापेडेच्या गुहा आहेत. तिथं राउटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ राहतं. जगात ते फार थोड्या ठिकाणी सापडलंय आणि बराच काळ ते फक्त इथंच आहे असं मानलं जायचं. गोष्ट इतकी भारी आहे की प्रत्येक नवीन माणसाला वाटतं, पोरांना घेऊन जावं. नेऊ नका. गोंगाट आणि बॅटऱ्यांनी वटवाघळं बिथरतात. ती तिथं राहावीत म्हणून आपण जात नाही, एवढं सांगितलं तरी मुलांना पटतं. मोठ्यांना पटवणं अवघड.

सुरक्षेबद्दल. सापांचं भय सगळ्यांना असतं, ते ठीकच आहे, पण आग्या मोहोळ त्याहून जास्त सांभाळायला हवं. दगड मारणारं एक पोरगं सगळ्या तुकडीला गोत्यात आणतं. जागेची आदल्या दिवशी पाहणी करा, कड्यांकडं आणि उंच झाडांकडं मान वर करून बघा. साप चावला तर आवळपट्टी बांधायची नाही, चिरा द्यायच्या नाहीत, अंग हलू न देता दवाखाना गाठायचा. कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे, हे निघायच्या आधी फोन करून विचारून घ्या. जांबोटीच्या पुढं कित्येक ठिकाणी रेंज जाते, तेव्हा १०८ ला फोन कुठून लागेल तेही बघून ठेवा. डिसेंबर ते मे माकडतापाचं बघा. हा आजार १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला आणि गेल्या दहा-बारा वर्षांत गोव्यातल्या सत्तरीपर्यंत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गपर्यंत पोचला. तो गोचिडांमुळं होतो. मेलेलं माकड दिसलं की मुलांना तिथून लांब न्यायचं आणि वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. पूर्ण बाह्या, पूर्ण पॅन्ट, आणि घरी गेल्यावर गरम पाण्यानं अंघोळ, हे पालकांच्या चिठ्ठीतच लिहा.

परवानग्यांना वेळ लागतो. सरकारी शाळा असेल तर मुख्याध्यापक, एसडीएमसी म्हणजे शाळेची समिती, आणि बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांचं ऑफिस. राखीव जंगलात पाऊल टाकायचं असेल तर आरएफओ, म्हणजे वनक्षेत्रपाल. अर्ज कन्नडमध्ये द्या. सीमाभागात वाढलेल्या आपल्यातल्या पुष्कळांना कन्नड बोलता येतं पण लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. शिकून घ्या, दुसऱ्याकडून लिहून घेत किती दिवस काढणार? भाषेचं राजकारण काही असो, वन खात्याचा गार्ड कन्नडमध्ये बोलतो आणि जंगलातली वाट त्यालाच माहीत असते. त्याच्याशी दोस्ती झाली की तो स्वतःच मुलांना पंजे आणि विष्ठा दाखवायला लागतो, आणि ते तुमच्यापेक्षा बरं दाखवतो. शाळेनं कुरकुर केली तर पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शिकवायलाच हवा असं सांगितलंय, हे नम्रपणे आठवून द्या. फार उपयोग होतो असं नाही, पण एचएमना, म्हणजे मुख्याध्यापकांना, वर सांगायला कारण मिळतं.

पैशाचं शेवटी विचारतात, खरं तर ते आधी विचारायला हवं. सरकारी मराठी शाळांकडून काही मिळणार नाही हे धरून चाला. खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळा देतात, दरडोई देतात, आणि त्यांना कॅम्पच हवा असतो. मी त्यांचे कॅम्प घेते आणि त्या पैशावर गावातल्या शाळांचे शनिवार चालवते. याला तडजोड म्हणा. कॅम्पच्या दरात काय काय धरलंय, बस, जेवण, मदतनीस, विमा, ते कागदावर लिहून घ्या आणि निम्मे पैसे आधी घ्या. एका संस्थेकडून माझे पैसे कित्येक महिने अडकले होते, तेव्हापासून ओळख असली तरी कागद लागतोच. गावच्या शाळेचा प्रवासखर्च मात्र बराच उतरलाय. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत मुली आणि बाया कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमधून फुकट जातात, तेव्हा तिकिटं उरतात ती पोरांची आणि सरांची. त्यासाठी आधार कार्ड बरोबर ठेवायला सांगा.

शाळा मे अखेरीला उघडते. त्याआधीच एक शाळा आणि एक जागा ठरवा आणि एचएमना भेटून या. पहिल्या पावसात पहिली खेप घ्या, तेव्हा बेडकं असतात आणि मुलांना काही शिकवावं लागत नाही.