प्रमाणपत्रांची चित्रं सर्व्हरवर बनवताना मराठी नावं मोडू नयेत म्हणून

पुण्यात गणपतीत मंडळांच्या रांगोळी, चित्रकला, पाठांतराच्या स्पर्धा होतात आणि प्रमाणपत्रांचा ढीग लागतो. मूळ नक्षीवर नाव टाकून चित्र सर्व्हरनेच द्यायचं, तर पायथनमधले फ्लास्क (वेबसाइट चालवणारं फ्रेमवर्क) आणि पिलो (चित्रं बनवणारी लायब्ररी) पुरतात.

रोमन अक्षरं लगेच उमटतात. घोळ देवनागरीत होतो: 'क्षितिज'मधला क्ष फुटतो, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते. इथे बहुतेक जण फॉन्ट बदलत बसतात, पण दोष फॉन्टचा नसतो. जोडाक्षरं जुळवायला पिलोला राक्म (Raqm) ही मजकूर मांडणारी लायब्ररी लागते. पायथनच्या पिप या इन्स्टॉलरने घेतलेल्या पिलोत ती असते, मात्र तिला फ्रिबिडी (FriBiDi) ही आणखी एक लायब्ररी सर्व्हरवर वेगळी हवी. फ्रिबिडी नसेल तर पिलो एरर न देता गुपचूप साध्या मांडणीवर उतरतं. म्हणून लॅपटॉपवर ठीक दिसणारं नाव छोट्या डॉकर इमेजमध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या, मोजक्याच लायब्ररी असलेल्या पेटीत) मोडतं. फ्रिबिडीचं पॅकेज लिनक्सच्या इन्स्टॉलरने म्हणजे अ‍ॅप्टने घाला आणि मजकूर काढताना भाषा 'एमआर' ("mr", म्हणजे मराठी) अशी द्याच. राक्म चालू नसेल तर आता सरळ की-एरर (KeyError) येऊन काम थांबेल, चुकीची प्रमाणपत्रं वाटली जाणार नाहीत. शिवाय भाषा दिल्यामुळे नोटो सॅन्स देवनागरी या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात. (पीएचपी वापरत असाल तर तिच्यासोबत येणाऱ्या जीडी या चित्र-लायब्ररीत ही जुळणीच नाही, तिथे इमॅजिक ही चित्र-लायब्ररी आणि पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी वापरा.)

ए-फोर छपाईला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) ३५०८ × २४८० पिक्सेल लागतात, म्हणजे मेमरीत दर चित्राला सुमारे ३५ एमबी. नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर निम्मी लांबी-रुंदी भरपूर झाली. नक्षी एकदाच उघडून ठेवा, दर वेळी तिची कॉपी घ्या.

नावाची रुंदी पिलोच्या टेक्स्टलेंग्थ (textlength) या फंक्शनने मोजा. मावत नसेल तर फॉन्टचा आकार ११० वरून चार-चारने ६२ पर्यंत उतरवा. तरीही मावलं नाही तर फक्त मोकळ्या जागेवर ओळ तोडा. अक्षरं मोजून तोडलंत तर मात्रा पुढच्या ओळीत एकटी पडते. अँकर, म्हणजे मजकूर कुठून धरायचा तो बिंदू, 'एमएस' ("ms": आडवा मध्य आणि अक्षरांची तळरेषा) ठेवा. नावाभोवतीची चौकट मोजून उभा मध्य काढला, तर 'राम' आणि 'कौस्तुभ' यांची शिरोरेषा वर-खाली होते.

चित्र बाइट्सआयओमध्ये (BytesIO, मेमरीतली फाइल) सेव्ह केल्यावर वाचायची जागा सीकने (seek) शून्यावर आणा, नाहीतर रिकामी फाइल जाते.

नाव यूआरएलमधून (लिंकच्या पत्त्यातून) घेऊ नका. पहिलं बक्षीस कुणीही स्वतःला देईल. लिंकमध्ये रँडम टोकन (ओळखता न येणारा सांकेतिक मजकूर) ठेवा, नाव डेटाबेसमधून घ्या. तयार चित्राच्या फाइलचं नाव स्पर्धकाचं नाव, क्रमांक आणि नक्षीची आवृत्ती यांच्या हॅशवरून (त्यांच्यापासून काढलेल्या ठरावीक कोडवरून) ठेवा, म्हणजे शुद्धलेखन दुरुस्त केलं की जुनं चित्र आपोआप बाद होतं.