लहान मूल ब्रश करू देत नाही? आधी या चुका टाळा

दीड-दोन वर्षांचं मूल ब्रश दिसला की ओठ घट्ट मिटून घेतं, मान फिरवतं, नाहीतर सरळ पळ काढतं. बहुतेक घरांत याला हट्ट म्हणतात. मग एकतर जबरदस्ती होते, नाहीतर ‘जाऊ दे आजच्या दिवस’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि दोन्हींत नुकसान मुलाचंच होतं. इतक्या लहान मुलाला ‘इथे दुखतंय’, ‘फेस घशात जातोय’, ‘मला झोप आलीय’ असं नीट सांगता येत नाही. म्हणून ते तोंड मिटून घेतं. ब्रश व्हायलाच हवा, त्यात तडजोड नको. पण कुठे, कधी, कशा पद्धतीने आणि कोणत्या ब्रशने, हे सगळं आपल्याला बदलता येतं. बरीचशी भांडणं तिथेच मिटतात.

‘दुधाचेच तर दात आहेत, पडणारच की’

सगळ्यात महागात पडणारा समज हाच. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडायला लागतात हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. कायमच्या दातांची जागा त्याच राखून ठेवतात. शिवाय दुधाच्या दातांवरचं कठीण आवरण पातळ असतं, त्यामुळे कीड आत शिरायला वेळ लागत नाही. पहिला दात दिसला की त्या दिवसापासून ब्रश सुरू करावा. दोन वर्षांच्या मुलाला एकदम ब्रशची सवय लावायची म्हटली तर ते विरोध करणारच.

समोर उभं राहून ब्रश करणं

मूल बेसिनपाशी उभं, आपण त्याच्यासमोर वाकलेले आणि ब्रश थेट तोंडाकडे येतोय. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही मान मागे घेतली असती. या पद्धतीत आपल्याला आतलं दिसत नाही, मुलाच्या मानेला आधार मिळत नाही, आणि ब्रश कुठे लागतोय ते कळत नाही.

त्यापेक्षा जमिनीवर किंवा पलंगावर बसा आणि मुलाला आडवं करून त्याचं डोकं आपल्या मांडीवर घ्या. पाय आपल्यापासून लांब, चेहरा छताकडे. आता वरच्या दाढाही दिसतात. दोघं मोठी माणसं असतील तर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसा. मुलाचे पाय एकाच्या कमरेभोवती, डोकं दुसऱ्याच्या मांडीवर. दातांचे डॉक्टरही लहान मुलांना असंच तपासतात. मूल थोडं मोठं असेल आणि उभंच राहायचं म्हणत असेल, तर त्याच्या मागे उभे राहा, डोकं आपल्या पोटाला टेकवून घ्या आणि दोघांनी आरशात बघा.

आता ओठाचं. वरचा ओठ हलकेच उचलून बघा. मधोमध ओठापासून हिरडीपर्यंत एक पातळ पडदा दिसेल. ब्रशचं टोक त्यावर आपटलं की चांगलंच दुखतं, आणि पुढचे दात घासायला गेलं की मूल का किंचाळतं याचं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं. तर्जनी आडवी ठेवून तो पडदा झाका, ओठ वर धरा आणि बोटाच्या खालून ब्रश फिरवा. ब्रश हिरडीकडे साधारण ४५ अंशांत तिरका धरायचा आणि हाताला जोर न देता बारीक बारीक गोल फिरवायचा. घाण साठते ती हिरडीच्या कडेला, म्हणून नुसती दातांची टोकं घासून उपयोग नाही.

ब्रशचं डोकं लहान आणि केस मऊ हवेत. केस फाकले की ब्रश बदला, एरवी तीन-चार महिन्यांनी.

झोपेला आलेल्या मुलामागे ब्रश घेऊन लागणं

रात्रीचा ब्रश महत्त्वाचा, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांवर राहिलेलं अन्न धुतलं जात नाही. पण ‘रात्री’ म्हणजे अगदी डोळे मिटायच्या वेळी असं कुठे आहे? जेवण झालं, शेवटचं दूध झालं की लगेच ब्रश उरकून घ्या. मूल ताजंतवानं असतं, आपलाही संयम शाबूत असतो. त्यानंतर फक्त पाणी. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय असेल तर ती आधी सोडवा. त्या सवयीने वरचे पुढचे दात आधी किडतात, कारण दूध त्यांच्याभोवती साचून राहतं, तर खालच्या दातांना जिभेची आड मिळते.

‘ब्रश करायचा का?’ असं विचारणं

या वयात या प्रश्नाचं उत्तर एकच, ‘नाही’. आणि एकदा विचारून वर ते उत्तर मानलं नाही, तर मुलाला फसवल्यासारखं होतं. जे त्याच्या हातात खरंच देता येईल तेच विचारा. आधी वरचे की खालचे? लाल ब्रश की निळा? मांडीवर की आरशासमोर? आपण म्हणत असलेलं गाणं संपलं की ब्रश संपला, हे रोज सारखंच ठेवा. कधी संपणार ते कळलं की मूल पुष्कळ सहन करतं. पण गाणं संपल्यावर ‘अजून थोडंसंच’ मात्र म्हणू नका, दुसऱ्या दिवशी ते तोंड उघडणार नाही.

पेस्टची गफलत

तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, एवढीच पेस्ट पुरे. जाहिरातीत दाखवतात तसा ब्रशभर पट्टा काढला की तोंडात फेस होतो, मुलाला ओकारी येते. त्यातून नाक चोंदलेलं असेल तर बघायलाच नको: तोंडात ब्रश आणि फेस, मग श्वास कुठून घ्यायचा? सर्दीच्या दिवसांत आधी नाक मोकळं करा आणि दर पाच-सात सेकंदांनी ब्रश बाहेर काढा.

मोठ्यांच्या पेस्टची झणझणीत चव लहान जिभेला अक्षरशः चटका देते, तेव्हा सौम्य चवीची घ्या. मात्र ‘गिळली तरी चालेल’ म्हणून बिनफ्लोराइडची पेस्ट निवडू नका. किडीपासून वाचवतं ते फ्लोराइडच, आणि ते साधारण १००० पीपीएम (म्हणजे पेस्टच्या दर दहा लाख भागांत १००० भाग) असावं. दाण्याएवढ्या पेस्टमधली थोडी पोटात गेली तर घाबरायचं कारण नाही. ट्यूब मात्र मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

ब्रश हातात देऊन मोकळं होणं

‘मी करणार’ म्हणतं, करू द्या. त्याला चावू दे, चोखू दे. पण त्यानंतर आपली पाळी असतेच, हे पहिल्यापासून ठरलेलं हवं. दोन ब्रश ठेवले की ओढाताण होत नाही: एक त्याच्या हातात, एक आपल्या. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला तेवढी सफाई नसते. आणि ब्रश तोंडात घालून पळू देऊ नका. पडलं तर टाळूला किंवा घशाला गंभीर इजा होऊ शकते.

भीती आणि लालूच

‘डॉक्टरकडे नेईन, सुई टोचतील’ असं म्हटलं की ब्रशही होत नाही आणि डॉक्टरची भीतीही बसते. ब्रश केल्याबद्दल चॉकलेट देणं तर उलटंच काम.

आतापर्यंत करत होतं, अचानक बंद केलं

अशा वेळी हट्ट हा शब्द बाजूला ठेवा आणि उजेडात तोंड बघा. साधारण १३ ते १९ महिन्यांत पहिल्या दाढा येतात, २३ ते ३३ महिन्यांत दुसऱ्या, आणि त्या वेळी मागची हिरडी हुळहुळी होते. तोंड आलेलं असू शकतं. तसं असेल तर दुखरी जागा ओल्या मऊ फडक्याने पुसा, बाकीचे दात नेहमीसारखे घासा. हिरडीतून थोडं रक्त दिसलं म्हणून ब्रश थांबवू नका. बहुधा तिथे घाण साठून सूज आलेली असते, आणि हलक्या हाताने रोज घासलं की ती उतरते. आठवड्याभरात फरक पडला नाही तर दाखवा.

एखाद्या दिवशी सगळं करूनही जमत नाही. तेव्हा दाबून धरून पूर्ण दोन मिनिटं रडवण्यापेक्षा वरच्या पुढच्या दातांची हिरडीकडची कड आणि दाढांचे वरचे भाग तेवढे शांतपणे घासून सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नीट करा.

हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसले, तपकिरी ठिपका किंवा खड्डा दिसला, मूल एकाच बाजूने चावत असेल, तर दुखायची वाट न बघता दातांच्या डॉक्टरकडे जा. खरं तर पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी. जाताना घरचा ब्रश बरोबर न्या, मुलाला मांडीवर घेऊन तुम्ही कसं घासता ते डॉक्टरांना करून दाखवा, आणि हात कुठे चुकतोय ते विचारा.