आरसीटी म्हणजे रूट कॅनॉल आपण करायची का पुढं तज्ज्ञाकडं पाठवायची? या चुका टाळा

सोलापुरात जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या दातांच्या नवीन डॉक्टरांसाठी लिहितोय, चुका बऱ्याच माझ्याच आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दाढ उघडून झाल्यावर विचार करायचा. पेशंट अक्कलकोटवरून एसटीनं आलेला असतो, "डॉक्टर, तुम्हीच करा की, परत कुठं हिंडू" म्हणतो, आपल्यालाही नाही म्हणवत नाही, आणि एक्सरे नीट न बघताच एअरोटर (दात कोरायचं मशीन) हातात घेतो. निर्णय एक्सरेवरच व्हायला पाहिजे. चेंबर (दाताच्या आतली पोकळी) दिसतोय का, कॅनॉल (मुळातली नळी) मुळाच्या मध्येच गायब होतोय का, मूळ 30 डिग्रीच्या वर वाकलंय का, आधी कुणी आरसीटी केलीय का. आणि एकच एक्सरे काढून भागत नाही, दुसरा थोडा तिरका काढा, एकावर एक आलेली मुळं वेगळी दिसतात.

वरची पहिली दाढ सोपी समजू नका. तीन कॅनॉल भरले, एक्सरे छान दिसतोय, तरी पेशंटला चावताना दुखतंय, तर बऱ्याचदा चौथा म्हणजे एमबी टू (गालाकडच्या पुढच्या मुळातला दुसरा कॅनॉल) राहिलेला असू शकतो. लूप्स (भिंगाचा चष्मा) किंवा मायक्रोस्कोप नसेल तर तो शोधत खोल ड्रिल करत बसू नका, तळाला भोक पडतं. खालच्या दुसऱ्या दाढेत सी-शेप (इंग्रजी सी अक्षरासारखा) कॅनॉल निघाला तरी तेच, तिथंच थांबा.

आता माझं सांगतो. खालची दाढ, पुढचं मूळ चांगलंच वाकडं, आणि फाइल (कॅनॉल साफ करायची बारीक सुई) आधी किती वेळा वापरली तेच लक्षात नव्हतं. तुटली. काढायचा नाद केला, तासभर, आणि मूळ अजून पातळ करून ठेवलं. तेव्हा फाइल तुटली की थांबा, एक्सरे काढा, पेशंटला त्याच खुर्चीवर स्पष्ट सांगा, केसपेपरवर लिहा, कॅल्शियम हायड्रॉक्साइड घालून टेम्पररी फिलिंगनं नीट बंद करा आणि एंडोडॉन्टिस्टकडं (रूट कॅनॉलच्या तज्ज्ञाकडं) पाठवा. लपवलेली फाइल पुढच्या एक्सरेत दिसतेच ओ, आणि मग गावभर होतं.

भरपूर दुखत असलेला पेशंट मात्र तसाच पाठवू नका. पुढं पाठवायचं ठरलं तरी आज दुखणं थांबवणं आपलंच काम, पल्प (दाताची नस) काढून ड्रेसिंग करता येतं. नुसती अँटिबायोटिकची चिठ्ठी देऊन पल्पायटिसचं (पल्प सुजल्याचं) दुखणं जात नाही.

अजून एक, कडक भाकरी खाताना 'कट्ट' झालं म्हणणारा पेशंट. आधी क्रॅक बघा, एकेका कस्पवर (दाढेच्या टोकावर) चावायला लावा, प्रोबिंग करा म्हणजे हिरडीची खोली मोजा. एकाच जागी खोल पॉकेट लागलं तर मूळच चिरलेलं असू शकतं, मग आरसीटी करून पैसे घ्यायचे आणि पुढं दाढच काढायची, असं होतं.

पाठवताना "प्लीज डू नीडफुल" एवढंच लिहू नका. पहिला एक्सरे, काय काय केलं, वर्किंग लेंथ (कॅनॉलची मोजलेली लांबी), कुठं अडलं, क्राउन (दातावरची कॅप) कोण बसवणार, सगळं लिहा. क्राउन आपल्याकडंच असेल तर पेशंटला तारीख देऊनच पाठवा, कारण दुखायचं थांबलं की माणूस सहा महिन्यांनी येतो, तोवर दाढ दोन तुकड्यांत.