शाळेतच मुलांची नजर कशी तपासावी

फळ्यावरचे दिसत नाही अशी तक्रार लहान मूल सहसा करत नाही, कारण सगळ्यांना असेच अंधुक दिसते अशी त्याची समजूत असते. ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, डोळे बारीक करून पाहते किंवा मान एका बाजूला कलती ठेवते. अशा मुलाला पहिल्या बाकावर आणून बसवण्याचा आपला रिवाज आहे. तेवढ्यावरच थांबल्यास मात्र दोष झाकला जातो आणि चष्मा आणखी एखादे वर्ष लांबणीवर पडतो.

तपासणीसाठी नेत्रतपासणीचा तक्ता, सहा मीटर मोजता येईल अशी टेप आणि जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा एवढे साहित्य पुरते. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी इंग्रजी ‘ई’च्या आकृत्यांचा तक्ता घ्यावा, त्यात आकृतीची तोंडे कोणत्या दिशेला आहेत हे मुलाने बोटांनी दाखवायचे असते. हा खेळ मुलाला आधी जवळून, मोठ्या आकृतीवर शिकवावा, अन्यथा न कळल्यामुळे झालेली चूक न दिसल्याच्या खात्यात जमा होते. वर्गखोली अपुरी पडत असेल तर व्हरांड्यात तपासावे. तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा. त्यावर भरपूर उजेड असावा, पण ऊन मुलाच्या डोळ्यांवर येऊ नये.

दोन्ही डोळे वेगवेगळे तपासणे ही या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. एक डोळा चांगला असेल तर मूल धावते, वाचते, चेंडूही झेलते आणि दुसऱ्या डोळ्याचा दोष कोणाच्या लक्षातही येत नाही. दरम्यान मेंदू त्या डोळ्याकडून येणाऱ्या अस्पष्ट प्रतिमेकडे दुर्लक्ष करू लागतो व डोळा ‘आळशी’ होतो. यावरील उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक गुण येतो, म्हणून पहिली-दुसरीच्या मुलांना तपासणीत आधी घ्यावे. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करावी, म्हणजे नोंदींची अदलाबदल होत नाही. दुसरा डोळा पुठ्ठ्याने झाकावा. बोटांनी झाकल्यास मुले फटीतून हमखास पाहतात, आणि तळहाताने दाबून धरल्यास तो डोळा उघडल्यावर काही वेळ धूसर दिसते. रांगेतल्या मुलांना तक्ता दिसणार नाही असे उभे करावे, नाहीतर ओळी पाठ होतात. चष्मा असलेल्या मुलाला चष्म्यासह तपासावे.

कोणत्याही एका डोळ्याने ६/९ ची ओळ, म्हणजे निरोगी डोळ्याला नऊ मीटरवरून वाचता येणारी ओळ, सहा मीटरवरून वाचता न आल्यास मुलाला पुढील तपासणीसाठी पाठवावे. ओळ नीट वाचूनही ज्याचे डोके वाचताना दुखते, डोळ्यांतून पाणी येते किंवा डोळा तिरळा दिसतो, त्यालाही पाठवावे, कारण जवळचे पाहताना त्रास देणारा दोष दूरच्या तक्त्यावर अनेकदा सापडत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा अशा मुलांची यादी त्यांच्या हाती द्यावी. पथक येण्यास अवकाश असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातील नेत्रविभागाची चिठ्ठी घ्यावी. मुलांचा नंबर केवळ दुकानातल्या संगणकी यंत्रावर काढून चष्मा करू नये. लहान वयात डोळ्याचे स्नायू आपोआप जोर लावतात आणि नंबर चुकतो, म्हणून औषधाचे थेंब घालून तपासावे लागते. थेंबांनंतर काही तास, औषधानुसार काही दिवसही, जवळचे अंधुक दिसते व उजेड सहन होत नाही, हे पालकांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर ‘डोळे बिघडवले’ अशी बोंब गावभर होते.

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा समज घरोघरी आहे. वास्तविक वाढत्या वयात नेत्रगोलाची लांबी वाढते, तसा लघुदृष्टीचा (दूरचे अंधुक दिसण्याचा) नंबर वाढतो. चष्मा घातला नाही तरी तो वाढतोच. गाजर आणि पालेभाज्या जरूर खाव्यात, पण त्यांनी नंबर जात नाही. मुलीला चष्मा लागला तर लग्नाला अडचण येईल, अशी धास्ती आजही काही घरांत असते. अशा वेळी तिच्या आईला शाळेत बोलावून तक्त्यासमोर तिच्या शेजारी उभे करावे. आईला स्पष्ट वाचता येणारी ओळ मुलीला दिसत नाही, हे समोर घडले की बरेचदा वाद उरत नाही.

चौकट मुलाला स्वतः निवडू द्यावी आणि काचेऐवजी न फुटणारे प्लास्टिकचे भिंग घ्यावे. महिनाभराने चष्मा डोळ्यांवर आहे की दप्तरात, हे वर्गशिक्षकांनी पाहावे. दप्तरात असेल तर चिडवणारी मुले कोण, कानामागे काडी रुतते का, हे विचारावे. नोंदवहीत दोन्ही डोळ्यांचे वेगळे रकाने ठेवावेत आणि दर जूनमध्ये, शाळा सुरू होताच, चष्मा असलेल्या मुलांसह सर्वांना पुन्हा तपासावे.