शिक्षा संपल्यावर नोकरीचा अर्ज: आधी कागद, मग फॉर्म

शिक्षा भोगून सुटलेल्यांची नोकरी पुष्कळदा जुन्या गुन्ह्यापेक्षा फॉर्ममध्ये लपवलेल्या माहितीमुळे जाते. म्हणून अर्ज भरण्याआधी कागद गोळा करा.

ज्या कोर्टात निकाल लागला तिथल्या नक्कल विभागातून निकालपत्राची प्रमाणित नक्कल काढा. अपील झालं असेल तर त्याचीही. सोबत तुरुंगातून मिळालेला सुटकेचा दाखला आणि दंडाची पावती ठेवा. पोलीस ठाणं, गु. र. नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलमं, खटला क्रमांक, निकालाची तारीख एका कागदावर लिहा आणि प्रत्येक फॉर्ममध्ये त्यावरूनच भरा. दोन ठिकाणी दोन तारखा पडल्या की संशय येतो.

साक्षांकन नमुन्यात (नोकरीआधी स्वतःची माहिती खरी असल्याचं लिहून देण्याच्या फॉर्ममध्ये) ‘कधी अटक झाली का?’ आणि ‘शिक्षा झाली का?’ हे वेगवेगळे प्रश्न असतात. निर्दोष सुटलेला माणूस दोन्हीकडे ‘नाही’ लिहितो आणि तिथेच अडकतो. अटक झाली असेल तर ‘होय’ लिहा, पुढे निकाल लिहा, नक्कल जोडा. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात हेच स्पष्ट केलं: माहिती खरी आणि पूर्ण हवी. खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असं मात्र नाही. पूर्वेतिहास तपासायचा अधिकार मालकाला राहतोच.

खटला संपूनही पोलिसांच्या नोंदीत तो ‘न्यायप्रविष्ट’ दिसू शकतो. चारित्र्य पडताळणीला अर्ज करण्याआधी ही नोंद दुरुस्त करण्यासाठी ठाण्यात निकालाची नक्कल जोडून लेखी अर्ज द्या. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय निघू नका.

कोर्टाने 1958 च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम 3 किंवा 4 खाली (म्हणजे समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर) सोडलं असेल तर कलम 12 मुळे दोषसिद्धीसोबत येणारी कायदेशीर अपात्रता लागत नाही. दोषसिद्धी पुसली जात नाही, त्यामुळे फॉर्ममध्ये ती लिहायचीच. गुन्ह्याच्या वेळी वय 18 खाली असेल तर 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 दाखवा; त्यानुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. 16 वर्षांवरील ज्यांना बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून दोषी धरलं, त्यांना ते लागू नाही.

मतदान? निवडणुकीशी संबंधित काही गुन्हे सोडले तर बंदी तुरुंगात असेपर्यंतच. यादीतून नाव गळलं असेल तर मतदार नोंदणीचा नमुना 6 भरा.

वकील परवडत नसेल तर 15100 वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेल्यांना वकील मोफत मिळतो. जाताना निकालाची नक्कल न्या.