साखळी दुकानांपलीकडचा उत्तम बर्गर कसा ओळखावा

उत्तम बर्गर शोधताना आधी मेन्यूची लांबी पाहावी. जिथे चार-पाचच प्रकार मिळतात आणि खिमा रोज तिथल्या तिथे केला जातो, तिथे खुशाल बसावे. खिम्यात साधारण २० टक्के चरबी हवी, कारण तीच वितळून पॅटी रसाळ ठेवते. मीठ कधी घालता, हे आचाऱ्याला जरूर विचारावे: ते आधीच कालवले तर मांस सॉसेजसारखे घट्ट होते, म्हणून पॅटी तव्यावर टाकताना वरून भुरभुरवलेले बरे. तवा कडकडीत तापलेला असावा, कारण पृष्ठभाग सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात मेलार्ड अभिक्रिया वेगाने होते आणि ती तपकिरी, जाळीदार, खरपूस कड तयार होते, जी माझ्या मते बर्गरचा प्राण आहे. आतून मात्र गोमांसाचा खिमा ७१ अंशांपर्यंत शिजलेला असावा.

पाव मऊ, पण आतल्या बाजूने लोण्यावर भाजलेला हवा, म्हणजे रस लगेच झिरपून तो लिबलिबीत होत नाही. बर्गर समोर येताच दोन्ही हातांनी उचलावा आणि पहिला घास वरून सॉस न घेता खावा.